अठरावर ‘नाही’, एकोणीसवर ‘होय’

नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की मला ताप भरतो. कंपनीवाले तिच्या जाहिरातीत हसरे चेहरे दाखवतात, आणि इकडे काल बरं चाललेलं सगळं आज बंद पडतं. प्रिंटर रुसतात, एक्स-रे उलटे दिसतात आणि अख्खं इस्पितळ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभं राहतं. मी राजेश्वरी हत्तुरे. सोलापुरातल्या एका मेंदूच्या इस्पितळातले संगणक सांभाळते. डॉक्टर नाही, पण डॉक्टरांचं सगळं ज्याच्यावर चालतं ते मी चालवते, त्यामुळे तोरा त्यांच्यापेक्षा थोडा जास्तच आहे.

२०४४च्या फेब्रुवारीत आवृत्ती एकोणीस आली. तिच्यामागोमाग वरून हुकूम आला: एक मार्चपासून आवृत्ती अठराची सुरक्षा-दुरुस्ती बंद, आणि अठरावर चालणारं कुठलंही मशीन इस्पितळाच्या नेटवर्कबाहेर. आमची बासष्ट मशिनं होती. एकसष्ट मी दहा दिवसांत उरकली. बासष्टावं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्याच्यावर कानोसा होता, आणि कानोशातून माझी आई बोलायची.

आईचं नाव महानंदा, आम्ही तिला अव्वा म्हणतो. साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या बुडाशी रक्तस्राव झाला. जीव वाचला, शुद्ध राहिली, पण मेंदूचा शरीराशी संबंध तुटला. बोट हलत नाही, पापणी हलत नाही, डोळे एका जागी. आत ती जागी आहे, ऐकते, विचार करते, पण बाहेर काही सांगायला तिच्याकडे कुठलाच मार्ग नाही.

कानोसा हा प्रोग्रॅम तो मार्ग काढतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि रोग्याच्या डोक्यावर बसवलेला टोप ते टिपतो. हाताने काही करण्याची नुसती कल्पना केली तरी हाताचा भाग जागा होतो. ओळखीच्या जागेतून फिरण्याची कल्पना केली तर जागा ओळखणारा वेगळाच भाग जागा होतो. मग रोग्याशी ठरवून घ्यायचं: ‘होय’ म्हणायचं असेल तर मनात हाताचं काम कर, ‘नाही’ म्हणायचं असेल तर मनात घरातून फीर. प्रश्न विचारला की वीस मिनिटं टोप टिपत राहतो, कानोसा सगळं मोजतो आणि पडद्यावर एक शब्द लिहितो. आमच्याकडचे पंधरा रोगी असे बोलतात.

अव्वाला डॉक्टर तस्नीम बागवान यांनी दिलेली कामं सोपी होती. ‘होय’साठी भाकरी थापायची. ‘नाही’साठी होटगी रोडच्या आमच्या घरात पुढच्या दाराने शिरायचं आणि एकेका खोलीतून चालत मागच्या अंगणात जायचं. सोलापूरच्या बाईला भाकरीहून ओळखीचं हाताचं काम दुसरं कुठलं असणार? आम्हा सगळ्यांना ही कल्पना फार आवडली होती.

सोमवार आणि बुधवार हे माझ्या वडिलांचे वार. अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवरच्या माईकवर गाड्या पुकारल्यामुळे ते बायकोशीही त्याच पट्टीत बोलतात. अव्वाचा मेंदू दिवसाला एकाच प्रश्नापुरता तग धरतो, म्हणून ते आदल्या दिवशी तो कागदावर लिहून आणतात. राजीकडे राहायला जाऊ का? डावा डोळा ऑपरेट करून घेऊ का? उत्तर येईल तसं वागतात. शुक्रवार डॉक्टर मॅडमचा, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: दुखतंय का?

साडेतीन वर्षं त्याचं उत्तर एकच येत होतं. नाही. दर शुक्रवारी ते वाचून मी जरा निवांत व्हायचे.

*

कानोसा लिहिणारे कणबर्गी सर नऊ वर्षांपूर्वी वारले. माणूस विद्वान, पण प्रोग्रॅममध्ये मधूनमधून मराठीत शेरे लिहून ठेवायची सवय. एका जागी लिहिलंय: ‘हे का चालतं मला माहीत नाही. चालतंय. हात लावू नये.’ मी तिथे हात लावला नाही. पण त्याच्या दहा ओळी वर, जिथे कानोसा गणितं करायला सिस्टिममधली जुनी गणिताची फाइल मागतो, तिथे एकोणीसने सरळ हात वर केले. ती फाइल आता मिळणार नाही, तिच्या जागी नवी आहे, जास्त वेगवान आहे, ती घ्या. तीन दिवस डोकं आपटून शेवटी मी ती घेतली. कानोसा सुरू झाला. मी चहा मागवला.

आमचा एक नियम आहे: नवीन बसवलं की जुन्यावरचं काम नव्यावर परत करून बघायचं. अठराचं मशीन अजून शेजारीच होतं. दोन वर्षांत पंधरा रोग्यांची जेवढी टिपणं जमली होती ती सगळी, अठराशे चाळीस, मी एकोणीसवर पुन्हा चालवली आणि दोन्हीकडची उत्तरं शेजारीशेजारी मांडली. सत्त्याण्णव पूर्णांक आठ टक्के जुळली. पंच्याण्णव जुळली की सिस्टिम पास. म्हणजे पासच.

न जुळलेली एक्केचाळीस होती. मी सहज यादी उघडली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अव्वाची होती. चौदा रोग्यांचा एक शब्दसुद्धा बदलला नव्हता. सगळीकडे बदल एकाच दिशेने होता, अठरावर ‘नाही’, एकोणीसवर ‘होय’. आणि त्यातले सव्वीस शुक्रवारचे होते.

मी ती यादी तीनदा वाचली. गेल्या सात महिन्यांतल्या तीस शुक्रवारांपैकी सव्वीस शुक्रवारी माझ्या आईने, नव्या मशीनच्या म्हणण्याप्रमाणे, दुखतंय म्हणून सांगितलं होतं. चहा तसाच निवून गेला.

*

हे कसं झालं ते मला तासाभरात कळलं. कळण्याने काही सुटत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

संगणकाला अंतहीन अपूर्णांक ठेवता येत नाहीत. एकाला तीनने भागलं की आपण जसं कुठेतरी थांबतो, तसा तोही थांबतो आणि शेवटचा आकडा जवळपासचा धरतो. अठराची गणिताची फाइल तो एका पद्धतीने धरायची, एकोणीसची जरा वेगळ्या. पंधराव्या-सोळाव्या स्थानावरचा फरक, कुणाच्या बापाला दिसणार नाही असा. पण कानोसा एका उत्तरासाठी अशी अब्जावधी गणितं करतो आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात घालतो. फरक वाढत वाढत शेवटी तिसऱ्या स्थानावर येतो. कानोशाच्या पोटात शून्य ते एकच्या मधला एक आकडा तयार होतो. अर्ध्याच्या खाली ‘नाही’, वर ‘होय’. चौदा रोग्यांचे आकडे शून्य पूर्णांक एक किंवा नऊच्या आसपास होते, त्यांना तिसऱ्या स्थानाने काय फरक पडणार! अव्वाचा गेल्या शुक्रवारचा आकडा अठरावर ४९७ सहस्रांश होता. एकोणीसवर ५०३.

अठरा खरं आणि एकोणीस खोटं, असं म्हणायलाही आधार नव्हता. सरांनी कानोसा लिहिला आवृत्ती अकरावर. अकराहून अठराला येताना असाच काही फरक पडला असेल, तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

पण ती नेमकी काठावर का होती? तिचे पहिल्या वर्षापासूनचे मेंदूचे नकाशे मी काढून बसले. ‘नाही’ म्हणताना हाताचा भाग झोपायला हवा. अव्वाचा झोपत नव्हता. पहिली पाच-सहा मिनिटं जागेचा भाग छान उजळायचा, मग हाताचा भाग उठायचा आणि शेवटपर्यंत चालू राहायचा. मी बराच वेळ त्याकडे बघत होते आणि मग एकदम हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. बाई घरात शिरत होती, पुढची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर लागत होतं आणि ती तिथेच थांबून कामाला लागत होती. स्वयंपाकघरातून हात न लावता पुढे जायला आम्ही तिला सांगितलं होतं. ते तिला जन्मात जमलं नव्हतं. आणि ‘होय’ म्हणताना भाकरी थापायला ती आधी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत होती, म्हणून तिथे जागेचा भाग उजळत होता. तिची दोन्ही उत्तरं एकाच खोलीत होती. सुरुवातीला ती ताजीतवानी होती तेव्हा थोडं अंतर राहायचं. आता थकत चाललीये आणि ते अंतर संपत आलंय.

आणखी एक गोष्ट मला सांगायला हवी. कानोशाला मुळात तीन शब्द यायचे: होय, नाही, सांगता येत नाही. आकडा मधल्या पट्ट्यात आला की तिसरा. अप्पांना तो शब्द सहन व्हायचा नाही. ‘माझ्यावर रागावलीय, म्हणून बोलंना झालीय,’ असं म्हणत ते दिवसभर बाकावर बसून राहायचे. दोन वर्षांपूर्वी मी तो शब्द काढून टाकला आणि बरोबर मध्यावर रेघ मारली. डॉक्टर मॅडमना विचारून केलं. इतर नातेवाइकांनीही मला धन्यवाद दिले होते. पण खरं सांगायचं तर मी ते अप्पांसाठी केलं.

त्या दुपारी मी तो शब्द परत घालून बघितला. गेल्या वर्षभरातल्या अव्वाच्या दीडशे उत्तरांपैकी होय-नाहीची नऊच उरली, बाकी सगळी ‘सांगता येत नाही’. मी तो घाईघाईने परत काढला.

*

डॉक्टर बागवान माझ्याहून लहान आहेत, पण आजाराबद्दल बोलताना कुणालाही उगाच धीर देत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही याद्या बघितल्या.

“नाडीवरून नाही का कळत, मॅडम?” मी विचारलं.

“शुक्रवारी नाडी वाढते त्यांची. दुखण्याने वाढत असेल. किंवा मी खोलीत आले म्हणूनही वाढत असेल. अशा आजारात मेंदूतूनच उठणारी वेदना असू शकते, राजेश्वरी. आगीसारखी जळजळ सांगतात लोक. आणि काहींना काहीच नसतं.”

“मग औषध देऊन बघू या.”

“साधी औषधं त्या वेदनेला लागू पडत नाहीत. जे पडतं ते मेंदूचंच काम मंद करतं. एकदा सुरू केलं की कानोशाला ऐकायला काही उरणार नाही.” त्यांनी याद्या परत माझ्याकडे सरकवल्या. “आणि त्यांच्या अवस्थेत ते मध्येच काढता येत नाही. झटके येतात.”

“म्हणजे दुखत असेल तर थांबेल, पण ती पुन्हा कधी बोलणार नाही.”

“हो.”

“आणि दुखत नसेल तर आपण तिला उगाच गप्प केलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? मलाही माहीत नाही. तुमच्या वडिलांना सही करायची आहे. त्यांना उद्याच बोलवा.”

*

अप्पा आले, पांढरा सदरा, खिशात प्रश्नाचा कागद. मी त्यांना दशांशस्थळांचं सांगायला गेले. पण बसची वेळ दोन मिनिटांनी चुकली तर आयुष्यभर कुणाचं काही बिघडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी नुसतं इतकंच सांगितलं की एक मशीन नाही म्हणतंय, दुसरं होय.

“दुखतंय म्हणाली?” अप्पांचा आवाज वॉर्डभर गेला. “अगं, मग ते नवं मशीन खोटारडं! शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. तिनं एकदा तरी दुखतंय म्हटलेलं ऐकलंयस का तू?”

“नाही.”

“मग!”

“पण अप्पा, मग तिला दुखत असलं तरीही ती नाहीच म्हणणार ना.”

त्यांनी खिशातला कागद चाचपला. मग म्हणाले, “तिलाच विचारू की. औषध पाहिजे का म्हणून. आपण कशाला डोकं फोडून घ्यायलोय?”

मला माहीत होतं काय होणार. तरी मीही म्हटलं, विचारू. माणूस अशा वेळी कशालाही हो म्हणतो. मी टोप बसवला. अप्पा माईकजवळ वाकले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात बोलले. तुला कायमचं झोपेसारखं औषध देतील, दुखायचं थांबेल, पण मग तुझं बोलणं आम्हाला कळणार नाही, देऊ का? हे सगळं त्यांनी तिला नीट समजावलं. वीस मिनिटं आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो नेहमीसारखाच होता. तेच टिपण मी दोन्ही मशीनवर टाकलं. अठरावर नाही. एकोणीसवर होय.

“परत विचार,” अप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात आम्ही रोज विचारलं. पाच दिवस, पाच वेळा. चार वेळा दोन मशिनं भांडली. एकदा दोन्ही ‘नाही’ म्हणाली आणि अप्पांना हायसं वाटलं. मी आकडा बघितला तर तो एकोणीसवर ४९९ होता. मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण या वेळी लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. सोमवार-बुधवारच्या पंधरा उलटलेल्या उत्तरांपैकी एक ‘राजीकडे राहायला जाऊ का’ याचं आहे, आणि त्या ‘नाही’मुळे अप्पा वर्षभर त्या घरात एकटे राहिलेत, हे मात्र मी आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीचे तीन दिवस उरले. शनिवारी अप्पा माझ्या खोलीत येऊन बसले. प्रश्नाचा कागद आणला नव्हता.

“तू चार वर्षांची होतीस,” ते म्हणाले, “तेव्हा हिचं अपेंडिक्स फुटलं होतं. तुला आठवत नसंल. सकाळी उठलो तर ओट्याशी वाकून उभी. म्हटलं, काय होतंय गं? काही नाही म्हणाली. दुखायलंय का? नाही. डबा भरून हातात दिला. मी ड्युटीवर गेलो. दुपारी शेजारच्या कमलमावशीनं स्टँडवर फोन केला, तेव्हा मी अक्कलकोटची गाडी पुकारत होतो.”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर गेली असती. मी काय विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. तिनं नाही म्हटलं आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून मी निघालो.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आता मशीन नाही म्हणायलंय आणि मला तेच सोयीचं आहे, राजी. मला तिनं बोलायला पाहिजे. एवढंच आहे सगळं. कुठं सही करायची ते सांग.”

“अप्पा, तिला दुखत नसलं तर?”

“तर मी चुकलो. एकदा तसाही चुकून बघतो.”

त्यांनी सही केली. उलट बोलायला माझ्या हातात काहीतरी हवं होतं, एखादा आकडा, एखादं कारण. नव्हतं. मी फक्त पेनाचं टोपण लावलं.

*

एक मार्चला मी अठराचं मशीन बंद केलं आणि त्याच दिवशी अव्वाचं औषध सुरू झालं. नवी सिस्टिम पास झाल्याच्या दाखल्यावर मी सही केली होतीच. खाली शेऱ्याच्या रकान्यात मी अव्वाच्या उत्तरांबद्दल चार ओळी लिहिल्या. वरच्या ऑफिसातून पोच आली: ‘नोंद घेतली. निकाल मर्यादेत आहे.’

दुसऱ्या दिवशी बुधवार. अप्पा नेहमीच्या वेळी हजर. डॉक्टर मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्यांना ते कळलंही होतं. तरी त्यांनी खिशातून कागद काढला.

“एकदाच,” ते म्हणाले. “मग नाही विचारणार.”

टोप टिपत होता. मी नकाशा बघत होते. त्यावर कुठेच काही उजळलं नव्हतं, ना हात, ना घर, सगळीकडे बारीक कचऱ्यासारखे ठिपके. मी काढून टाकलेला तो तिसरा शब्द असता तर पडद्यावर तोच आला असता. तो नव्हता. कानोशाला काहीही दिलं तरी आता त्याला दोनपैकी एक लिहावंच लागतं.

“महानंदा, आता बरं वाटायलंय का?” असा त्यांचा प्रश्न होता. पडद्यावर आलं: होय.

अप्पा खुर्चीतून उठलेच. “बघ! बोलली! डॉक्टरीणबाई उगाच भीती घालत होत्या. बरं वाटतंय म्हणाली गं, राजी!” त्यांनी अव्वाच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्या डोक्यावर. इतके आनंदात मी त्यांना साडेतीन वर्षांत बघितलं नव्हतं. या वेळी लपवायचं नाही असं ठरवलेली मी, तोंडातून अवाक्षर काढू शकले नाही. ते जाताना जिन्यावर भेटलेल्या नर्सलाही सांगत होते.

ते गेल्यावर मी एकटीच तिच्याजवळ बसले. साडेतीन वाजले होते. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं, ते मी पडदा ओढून अडवलं. मग माईक जवळ घेतला आणि विचारलं, “अव्वा, आम्ही बरोबर केलं का गं?”

वीस मिनिटांनी आलं: नाही.

तो शब्द तिचा नाही, कुणाचाच नाही, नुसत्या ठिपक्यांचा आहे, हे त्या इस्पितळात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी तिचा टोप नीट केला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा नाही आलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. साडेचार वाजून गेल्यावर पडद्यावर होय आलं, आणि मी लगेच मशीन बंद केलं.